स्थिर प्रतिमा आणि दुरुस्तीचा इतिहास : मद्रासचा दगडी खांब ते आजची झूम लेन्स



मी चेन्नईतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. आमच्या छायाचित्रण मंडळाकडे ७०-३०० मिलीमीटरची एक जुनी झूम लेन्स आहे. मध्यंतरी ती बिघडली. शटरचे बटण अर्धे दाबले की आतून करकर आवाज यायचा आणि व्ह्यूफाइंडरमधले चित्र एका बाजूला उडी मारून थरथरत राहायचे. लेन्सवरची स्थिरीकरणाची कळ बंद केली की थरथर थांबायची, पण फोटोची उजवी बाजू धूसर यायची. सेवा केंद्राचे उत्तर आले की हा भाग आता मिळत नाही, नवी लेन्स घ्या. त्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, "मॅडम, काच चांगली आहे, झूमचे कडे नीट फिरते. मग अख्खी लेन्स टाकून का द्यायची?"

या प्रश्नामागे दोनशे वर्षांहून मोठा इतिहास आहे आणि त्याचे काही महत्त्वाचे टप्पे मद्रासच्या परिसरातच घडले. या पाठात आपण दोन गोष्टी पाहू. पहिली, प्रतिमा स्थिर ठेवण्याचे तंत्र कसे बदलत गेले. दुसरी आणि जास्त महत्त्वाची, दुरुस्त केलेले उपकरण बरोबर काम करते आहे हे कशावरून ठरवायचे, आणि ते ठरवण्याचे माप कोणाच्या हातात असते.

१. थरथर किती असते?

आधी एक छोटे गणित करू. लेन्सचे नाभीय अंतर ३०० मिलीमीटर आहे आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा एक पिक्सेल सुमारे ४ मायक्रोमीटरचा आहे असे समजा. ४ मायक्रोमीटर भागिले ३०० मिलीमीटर म्हणजे सुमारे ०.००००१३ रेडियन, अर्थात जवळजवळ पावणेतीन विकला. एका अंशाच्या साठ कला आणि एका कलेच्या साठ विकला हे शाळेतले कोष्टक आठवा. म्हणजे एका अंशाचा सुमारे तेराशेवा भाग इतका कॅमेरा वळला, तरी चित्र एक पिक्सेल सरकते.

आता हात सेकंदाला अर्धा अंश या वेगाने वळतो आहे असे धरा. शटर १/६० सेकंद उघडे राहिले तर तेवढ्या वेळात कॅमेरा ३० विकला वळेल आणि चित्र सुमारे ११ पिक्सेल पुसले जाईल. म्हणूनच जुने छायाचित्रकार सांगत की ३०० मिलीमीटरच्या लेन्सने हातात धरून फोटो काढायचा असेल तर शटर १/३०० सेकंदापेक्षा मंद ठेवू नये. १/७५ सेकंदाला तोच फोटो स्वच्छ आला तर शटरच्या भाषेत दोन स्टॉपचा फायदा झाला. स्थिरीकरणाचा लाभ अशाच स्टॉपमध्ये मोजतात.

विकला हे एकक मुद्दाम लक्षात ठेवा. आजची टेलिफोटो लेन्स ज्या सूक्ष्मतेने कोन सांभाळते, तीच सूक्ष्मता मिळवण्यासाठी एकोणिसाव्या शतकातले भूमापक धडपडत होते.

२. वजनाने मिळवलेली स्थिरता

चेन्नईच्या नुंगमबाक्कम भागात, हवामान खात्याच्या आवारात, ग्रॅनाइटचा एक जुना खांब उभा आहे. मद्रास वेधशाळेची ही इमारत १७९२ मध्ये उभी राहिली आणि हा खांब त्या वेळचाच आहे. वजन सुमारे १० टन. त्याच्यावर दुर्बीण बसवलेली असे. खांबावरचा मजकूर अनेक भाषांत कोरलेला आहे. वेधशाळेच्या स्थापनेत मोठा वाटा असलेल्या मायकेल टॉपिंगनेच १७९४ मध्ये मद्रासला भूमापनाची शाळा सुरू केली. गिंडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आपला इतिहास त्या शाळेपासून मोजते.

दुर्बिणीसाठी १० टनांचा दगड कशाला? त्या काळात प्रतिमा स्थिर ठेवण्याचा खात्रीचा उपाय एकच होता, तो म्हणजे वजन. वस्तू जितकी जड, तितकी ती हलवायला अवघड. वारा, पावलांचे धक्के, शेजारून जाणारी गाडी, यांपैकी कशाचाही १० टनांच्या ग्रॅनाइटवर फारसा परिणाम होत नाही. वजनाची अडचण मात्र उघड आहे. दगडावरची दुर्बीण जागा बदलू शकत नाही, आणि देश मोजायचा तर उपकरण घेऊन फिरावे लागते.

१८०२ च्या एप्रिलमध्ये विल्यम लॅम्टनने सेंट थॉमस माउंटजवळ सुमारे १२ किलोमीटर लांबीची आधाररेषा मोजायला घेतली. पुढे 'ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे' या नावाने प्रसिद्ध झालेल्या कामाची ही सुरुवात होती. एक रेषा साखळीने अचूक मोजायची आणि पुढची सगळी अंतरे त्रिकोणांचे कोन मोजून गणिताने काढायची, ही त्याची पद्धत. कोन मोजण्यासाठी लंडनच्या विल्यम कॅरीने बनवलेला मोठा थिओडोलाइट मागवला होता. त्याच्या आडव्या वर्तुळाचा व्यास ३६ इंच आणि वजन सुमारे अर्धा टन. वाटेत फ्रेंचांनी जहाज पकडले आणि उपकरण मॉरिशसला गेले. पण ते शास्त्रीय कामाचे आहे हे कळल्यावर फ्रेंचांनी ते सौजन्याने मद्रासला पाठवून दिले.

अर्धा टन म्हणजे खांबाच्या मानाने हलके, पण माणसांनी उचलायचे म्हटले तर फार जड. स्थिरता आणि वाहतूक यांतली ही तडजोड १८०८ मध्ये महागात पडली.

३. तंजावर, १८०८

कावेरीचा त्रिभुज प्रदेश सपाट आहे. भातखाचरे आणि नारळीच्या राया यांमुळे दूरची खूण दिसत नाही. टेकडी नसेल तर उंच इमारत शोधावी लागते, आणि त्या मुलखात तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या विमानाएवढे उंच दुसरे काही नव्हते. हे शिखर ६० मीटरहून उंच आहे.

मराठी वाचकाला हे मंदिर आणखी एका कारणाने ओळखीचे असते. तेव्हा तंजावरच्या गादीवर दुसरे सरफोजी राजे होते. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता, पण किल्ला आणि त्याच्या आसपासचा भाग राजांकडे राहिला होता. सरस्वती महाल ग्रंथालयाला त्यांनी मोठे केले. त्यांच्याच काळात, १८०३ मध्ये, याच मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला. लॅम्टनची माणसे थिओडोलाइट घेऊन मंदिरात आली, तेव्हा तो शिलालेख जेमतेम पाच वर्षांचा होता.

शिखरावर उपकरण चढवताना आधाराचा दोर तुटला. थिओडोलाइट झोका खाऊन शिखराच्या दगडावर आदळला. वर्तुळाची कड वाकली, आतले आरेही वाकले. ज्या वर्तुळावर अंश, कला आणि विकला वाचायच्या ते वर्तुळच आता वर्तुळ राहिले नव्हते. नवे उपकरण इंग्लंडहून यायचे तर कितीतरी महिने जाणार, आणि तोवर काम ठप्प.

लॅम्टन निवडक कारागिरांना घेऊन तंबूत बसला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने या दुरुस्तीची हकीकत लिहून ठेवली म्हणून आपल्याला ती ठाऊक आहे. लॅम्टनने उपकरण पूर्ण उघडले. एका मोठ्या सपाट फळीवर हव्या त्या अचूक मापाचे वर्तुळ कोरून घेतले. मग पाचरी, स्क्रू आणि कप्प्या वापरून वाकलेली कड थोडी थोडी ओढत त्या कोरलेल्या वर्तुळाला मिळवली. आरे लहान लाकडी हातोड्यांनी ठोकून सरळ केले. या कामाला सुमारे सहा आठवडे लागले.

यातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू कोणती? माझ्या मते ती फळी. पाचर आणि हातोडा कोणत्याही लोहाराकडे असतो. पण किती ओढायचे आणि कुठे थांबायचे हे फळीवरच्या वर्तुळाने सांगितले. दुरुस्तीला हात आणि हत्यार लागते, तसेच एक प्रमाणही लागते. बिघडलेली वस्तू चांगली असताना कशी होती ते सांगणारे माप म्हणजे प्रमाण. लॅम्टनला ते भूमितीतून मिळाले. वर्तुळ कसे असते हे सांगण्यावर कोणाची मक्तेदारी नव्हती.

ही दुरुस्ती निर्दोष होती असे समजू नका. हे उपकरण पुढे अनेक वर्षे वापरात राहिले, पण एव्हरेस्टला त्याच्या अचूकतेविषयी शंका होती आणि त्याने त्याची पुन्हा मोठी दुरुस्ती करून घेतली. लॅम्टन स्वतः उत्तरेकडे काम नेत असताना १८२३ मध्ये आजच्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे.

शंका असलेल्या उपकरणातून भरवशाचे उत्तर काढण्याची एक युक्तीही भूमापनात रुजली. एकच कोन वर्तुळाच्या वेगवेगळ्या भागांवर वाचायचा आणि सरासरी घ्यायची. वर्तुळ एका ठिकाणी बाहेर आणि दुसऱ्या ठिकाणी आत असेल, तर चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खोडून काढतात. दुरुस्तीनंतरची चाचणी दुरुस्तीइतकीच महत्त्वाची असते, हा धडा इथे मिळतो.

४. जवाहिऱ्याच्या दुकानातून सर्वेक्षण खात्यात

उपकरणे कायम परदेशातून येत, पण ती बिघडत इथे. त्यामुळे सर्वेक्षण खात्याला जागेवरचा दुरुस्तीकार हवा होता. १८३० मध्ये इंग्लंडहून हेन्री बॅरो हा उपकरणकार आला. तो सोडून गेल्यावर, १८४३ मध्ये, एव्हरेस्टच्या आग्रहाने ती जागा सय्यद मीर मोहसीन हुसेन यांना मिळाली.

मोहसीन हुसेन मूळचे अर्काटचे. मद्रासमध्ये ते एका जवाहिऱ्याच्या दुकानात काम करत होते, तिथून ते सर्वेक्षण खात्यात आले. सोन्याच्या बारीक कामात सरावलेला हात पितळी वर्तुळाच्या बारीक रेघांवर चालला यात नवल नाही. त्यांनी बॅरोचे काम जवळून पाहिले होते, आणि त्या मोठ्या थिओडोलाइटची ओळख त्यांना यंत्र उघडून झाली होती. एव्हरेस्टने त्यांच्या कौशल्याची मोकळेपणाने वाखाणणी केली.

हा तपशील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी महत्त्वाचा आहे. उपकरण उघडता येत होते, त्याचे भाग दिसत होते, म्हणून जवाहिऱ्याच्या दुकानातला कारागीर त्याचा जाणकार होऊ शकला. झाकण न उघडणारे यंत्र असा शिष्य तयार करू शकत नाही.

५. वजनाकडून हालचालीकडे

आता कॅमेऱ्याकडे वळू. सुरुवातीच्या छायाचित्रणात स्थिरतेचा उपाय वेधशाळेचाच होता. कॅमेरा जड, तिपाई भक्कम आणि शटर कितीतरी सेकंद उघडे. लिनियस ट्राइपने १८५८ मध्ये तंजावरच्या त्याच मंदिराची छायाचित्रे काढली ती अशाच साधनांनी.

पुढे कॅमेरा हातात आला आणि नाभीय अंतरही वाढत गेले. १९५९ मध्ये फॉइग्टलेंडरची झूमार ही ३६-८२ मिलीमीटरची झूम लेन्स स्थिर छायाचित्रणासाठी बाजारात आली. लेन्स लांब झाली की थरथर मोठी दिसते हे गणित आपण केलेच आहे. चित्रपटांसाठी गॅरेट ब्राउनने १९७० च्या दशकाच्या मध्यावर स्टेडिकॅम आणला. त्यात वजन दांड्यावर दूरदूर पसरवून जडत्वाचे आघूर्ण वाढवलेले असते. म्हणजे उपाय अजून वजनाचाच होता, फक्त तो हुशारीने वाटला होता.

दुसरा मार्ग असा की कॅमेरा हलू द्यायचा, पण प्रकाशाची वाट उलट दिशेने तितकीच वळवायची. हुआन दे ला सिएर्वा यांच्या डायनालेन्समध्ये द्रव भरलेला प्रिझम हे काम करी. १९६९ सालच्या कामगिरीसाठीचा ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार त्याला मिळाला. सर्वसामान्य ग्राहकापर्यंत ही कल्पना पोहोचली १९९० च्या दशकात. निकॉनचा झूम ७००व्हीआर हा फिल्म कॅमेरा १९९४ मध्ये आला आणि १९९५ मध्ये कॅननने ७५-३०० मिलीमीटरची स्थिरीकरण असलेली झूम लेन्स आणली. कॅननने तेव्हा दोन स्टॉपचा फायदा सांगितला होता. २००३ मध्ये मिनोल्टाच्या डिमाज ए१ मध्ये लेन्सऐवजी सेन्सरच हलवण्याची पद्धत आली.

आजच्या लेन्समध्ये हे काम चार पायऱ्यांत होते. प्रत्येक पायरीची मूळ कल्पना जुनी आहे.

पहिली पायरी, हालचाल ओळखणे. फूकोने १८५२ मध्ये जायरोस्कोप दाखवला, त्यात चाक फिरत असे. लेन्समधल्या जायरोत फिरणारे चाक नसते, एक इवलासा भाग सतत कंप पावत असतो. कॅमेरा वळला की कोरिऑलिसने १८३५ मध्ये मांडलेल्या परिणामामुळे तो भाग आडव्या दिशेनेही कंप पावू लागतो. त्यावरून वळण्याचा वेग कळतो. वर-खालीसाठी एक आणि डाव्या-उजव्यासाठी एक असे दोन जायरो असतात.

दुसरी पायरी, हिशेब. प्रतिमेचे सरकणे म्हणजे नाभीय अंतर गुणिले वळलेला कोन. तोच कोन ७० मिलीमीटरपेक्षा ३०० मिलीमीटरला प्रतिमा सव्वाचार पटींहून जास्त सरकवतो. म्हणून झूमचे कडे कुठे आहे हे नियंत्रकाला ठाऊक असावे लागते. त्यासाठी कड्याला छोटा ब्रश असतो आणि तो पट्टीवरच्या खुणांवरून घासत जातो.

तिसरी पायरी, काच हलवणे. भिंगांचा एक छोटा गट तारेची कुंडले आणि चुंबक यांच्या जोरावर आडवा सरकतो. तत्त्व लाउडस्पीकरचेच.

चौथी पायरी, काच खरोखर कुठे पोहोचली ते पाहणे. त्यासाठी बहुधा हॉल संवेदक असतात. एडविन हॉलने तो परिणाम १८७९ मध्ये शोधला.

वेधशाळेच्या खांबाने स्थिरता मिळवली ती न हलून. ही लेन्स ती मिळवते सेकंदाला अनेक वेळा हलून. अशा यंत्राचा बिघाडही वेगळ्या जातीचा असतो.

६. आत काय बिघडते?

खालील क्रम निदानासाठी उपयोगी पडेल. साध्या कारणापासून अवघड कारणाकडे जायचे.

(अ) लेन्स वेगळी करून हलवली तर आत खुळखुळ ऐकू येते. अनेक लेन्समध्ये हे नैसर्गिक असते, कारण वीज नसताना तो भिंगांचा गट सैल राहतो. यावरून घाबरून लेन्स उघडू नका.

(आ) लेन्स आणि कॅमेरा यांच्यामधले धातूचे संपर्कबिंदू कोरड्या, स्वच्छ कापडाने पुसा. दुसऱ्या कॅमेऱ्यावर लावून पाहा. चेन्नई, मुंबई किंवा रत्नागिरीच्या खाऱ्या, दमट हवेत हे संपर्क लवकर मळतात.

(इ) कॅमेरा तिपाईवर ठेवा. स्थिरीकरण चालू आणि बंद करून एकेक फोटो घ्या. बंद असतानाही एक बाजू धूसर येत असेल, तर भिंगांचा गट मध्यभागी कुलूपबंद होत नाही अशी शंका घ्या.

(ई) एकाच झूम स्थितीत चित्र उड्या मारत असेल, तर दोन शक्यता. झिजलेला ब्रश चुकीचे नाभीय अंतर सांगतो आहे, किंवा लवचिक सर्किटपट्टी त्या वळणावर चिरली आहे. झूम करताना ही पट्टी प्रत्येक वेळी दुमडते आणि हजारो वेळा दुमडल्यावर तिच्यातली तांब्याची रेघ तुटते.

(उ) सगळ्याच स्थितींत चित्र एका बाजूला जाऊन आपटत असेल, तर हॉल संवेदक, कुंडल किंवा त्यांची जोडणी पाहावी.

उघडण्याची वेळ आलीच तर काही पथ्ये पाळा. जपानी लेन्सचे स्क्रू नेहमीच्या फिलिप्स पेचकसाने खराब होतात, त्यांना जपानी मापाचा पेचकस लागतो. प्रत्येक पायरीचा फोटो काढा. कडी वेगळी करण्यापूर्वी दोन्हींवर जुळणारी खूण करा. माउंटखाली कागदासारख्या पातळ चकत्या असतील, तर त्या जिथल्या तिथेच परत गेल्या पाहिजेत. लेन्स आणि सेन्सर यांच्यातले अंतर त्यांनीच ठरवलेले असते.

७. आमच्या लेन्सचे काय झाले?

सेवा केंद्राने नकार दिल्यावर आम्ही लेन्स शहरातल्या एका जुन्या दुरुस्तीकाराकडे नेली. विद्यार्थी त्यांना अण्णा म्हणत. कॅमेऱ्याचे सुटे भाग परदेशातून आणणे अवघड होते त्या काळात, म्हणजे १९९१ च्या आधी, ते हे काम शिकले. भाग मिळत नसे तेव्हा मोडीत निघालेल्या कॅमेऱ्यातून तो काढायचा, नाहीतर लेथवर बनवून घ्यायचा, ही त्यांची शाळा.

बिघाड सर्किटपट्टीत निघाला. एक रेघ तुटली होती, त्यामुळे एका दिशेच्या संवेदकाचे वाचन नियंत्रकापर्यंत पोहोचत नव्हते आणि भिंगांचा गट मधोमध कुलपातही बसत नव्हता. अण्णांकडे त्याच मॉडेलची पुढची काच फुटलेली लेन्स होती. तिच्यातला अख्खा स्थिरीकरणाचा भाग काढून आमच्या लेन्समध्ये बसवणे हा सोपा उपाय वाटत होता. त्यांनी तो करून पाहिला. करकर थांबली, चित्र स्थिर झाले, पण एका बाजूचा धूसरपणा थोडा शिल्लक राहिला.

कारण समजून घ्या. दोन हॉल संवेदक कधीच अगदी सारखे नसतात. कारखान्यात प्रत्येक भागाची चाचणी होते आणि त्याचा मध्यबिंदू कुठे, किती व्होल्टला काच किती सरकते, हे आकडे त्या लेन्सच्या स्मृतीत लिहिले जातात. याला अंशशोधन किंवा कॅलिब्रेशन म्हणतात. आमच्या लेन्सच्या स्मृतीत जुन्या भागाचे आकडे होते आणि आत बसला होता दुसराच भाग. नवे आकडे लिहिण्याचा प्रोग्राम उत्पादकाकडे असतो, अण्णांकडे तो नव्हता.

मग त्यांनी दिशा बदलली. आमचाच मूळ भाग परत बसवला आणि तुटलेल्या रेघेवरून केसाइतकी बारीक, इनॅमल चढवलेली तांब्याची तार भिंगाखाली बघत डाखवली. तार दुमडीवर ताणली जाऊ नये म्हणून तिला थोडी ढील दिली. संवेदक मूळचे राहिले, म्हणून स्मृतीतले आकडेही खरे राहिले. लेन्स परत देताना ते म्हणाले, "चालेल, पण ही तार पुन्हा तुटू शकते. तुटली तर फेकू नका, घेऊन या."

आम्ही चाचणी घेतली. भिंतीवर बारीक रेघांचा तक्ता लावला. तीन वेगवेगळ्या झूम स्थितींत, १/६० सेकंदाला, स्थिरीकरण चालू आणि बंद ठेवून प्रत्येकी अनेक फोटो काढले आणि कोणता फोटो कोणत्या गटातला हे न सांगता दुसऱ्या विद्यार्थ्यांकडून तपासून घेतले. स्थिरीकरण चालू असलेले फोटो स्पष्टपणे चांगले निघाले आणि दोन्ही बाजू सारख्या आल्या. एका फोटोवर विसंबायचे नाही, वाचन पुन्हा पुन्हा घ्यायचे, ही भूमापकांचीच सवय.

८. प्रमाण कोणाकडे?

आता दोन्ही दुरुस्त्या शेजारी ठेवून पाहा. लॅम्टनचे प्रमाण फळीवर कोरता आले. अण्णांना लागणारे प्रमाण लेन्सच्या स्मृतीत आणि उत्पादकाच्या प्रोग्राममध्ये बंद होते. म्हणून त्यांना मूळ भाग जपण्याची पळवाट काढावी लागली. मूळ संवेदकच जळाला असता तर हीही पळवाट उरली नसती. कौशल्य, हत्यार आणि सुटा भाग हे तिन्ही हाताशी असूनही लेन्स अर्धवट दुरुस्त राहिली असती.

उत्पादकाची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. विकलांच्या हिशेबात चालणाऱ्या यंत्राचे अंशशोधन चुकीच्या हाताने झाले तर लेन्स बिघडते आणि बोल कंपनीला लागतो. प्रत्येक जुन्या मॉडेलचे भाग कायम साठवणेही परवडत नाही. पण भाग देणे थांबवल्यानंतरही माप कुलपात ठेवायचे, याचे समर्थन करणे अवघड आहे.

हा प्रश्न आता कायद्याच्या चर्चेत आला आहे. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट आखण्यासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्ती हक्काचे पोर्टल सुरू झाले. अशा चर्चेत बहुतेकदा सुटे भाग आणि माहितीपुस्तिका यांवर भर असतो. आपल्या उदाहरणातून तिसरी मागणी पुढे येते, ती म्हणजे अंशशोधनाचे साधन. या तिसऱ्या गोष्टीविना पहिल्या दोन पुष्कळदा अपुऱ्या पडतात.

शेवटी एक गोष्ट आपल्या हातातली. तंजावरची दुरुस्ती आज आपण शिकू शकतो, कारण ती कोणीतरी लिहून ठेवली. आपल्या शहरांतल्या बाजारपेठांत अण्णांसारखी माणसे रोज जे शोधून काढतात ते त्यांच्याबरोबरच संपते. आमच्या विद्यार्थ्यांनी त्या लेन्सची दुरुस्ती फोटो आणि आकृत्यांसह अण्णांना विचारून लिहून काढली. ती वही आता प्रयोगशाळेच्या कपाटात लेन्सच्या शेजारी ठेवली आहे.

स्वाध्याय

१. नाभीय अंतर २०० मिलीमीटर आणि पिक्सेल ५ मायक्रोमीटर असताना एक पिक्सेल सरकण्यासाठी कॅमेरा किती विकला वळावा लागेल?

२. वजनाने मिळवलेली स्थिरता आणि हालचालीने मिळवलेली स्थिरता यांच्या बिघाडाच्या प्रकारांत काय फरक आहे? उदाहरणे द्या.

३. लॅम्टनच्या दुरुस्तीत फळीने केलेले काम आजच्या लेन्समध्ये कोण करते? दोघांतला महत्त्वाचा फरक सांगा.

४. तुमच्या गावातल्या एका दुरुस्तीकाराला भेटा. घड्याळ, मोटार, शिलाई यंत्र, काहीही चालेल. दुरुस्ती बरोबर झाली हे ते कशावरून ठरवतात ते विचारा आणि त्यांच्या परवानगीने दोन पानांत लिहून काढा.